तेवीस पुस्तके आणि एक वही

डिसेंबर २०२३ मधल्या त्या संध्याकाळी घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे कॅटचा, निकाल लागला होता आणि मुलीच्या नावापुढे ७१ पर्सेंटाइल असा आकडा आला होता. “शंभरात एकाहत्तर म्हणजे काही वाईट नाही,” असे आईने म्हणून पाहिले. ते शंभरातले गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभरांतले सुमारे एकोणतीस जण आपल्या पुढे गेले, असा त्याचा अर्थ होतो, हे समजावून सांगण्याचे त्राण तिच्यात नव्हते. बैठकीच्या खोलीतल्या कपाटाचा एक खण पुस्तकांनी गच्च भरला होता. त्या दिवशी तिला तिकडे पाहवेना.

घर सांगलीतले. हळदीचा व्यापार तीन पिढ्यांचा. वडील पेढी सांभाळतात. आजोबांनी ऐंशी ओलांडली असली तरी सकाळी तासभर ते गादीवर येऊन बसतात. मुलीचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. पुढे तिने वाणिज्य शाखेची पदवी प्रथम श्रेणीत मिळवली आणि एका करसल्लागाराच्या कार्यालयात ती काम करू लागली. एमबीए करायचे हे तिने स्वतःच ठरवले होते. घरातून विरोध नव्हता. पण ‘अजून एक वर्ष’ या शब्दांना प्रत्येक घरात एक मुदत असते. स्थळे सांगून येत होती. धाकट्या भावाचे अभियांत्रिकीचे शुल्क भरायचे होते. दुसऱ्या प्रयत्नाला संमती मिळाली ती एकाच वर्षाची. तिसऱ्याचा विषय निघणार नाही, हे कोणी न बोलताही सर्वांना ठाऊक होते.

निकालानंतर तीन-चार दिवसांनी आजोबा त्या कपाटापुढे उभे राहिले.

“किती आहेत गं ही?”

“तेवीस.”

“आणि पुरी केलीस किती?”

तिने उत्तर दिले नाही. आजोबांनीही पुन्हा विचारले नाही. मात्र त्या रविवारी तिने सगळी पुस्तके खाली काढली आणि एकेक उघडून पाहिले.

प्रत्येक पुस्तकाचा एक इतिहास होता. बँकेच्या परीक्षा दिलेल्या मामांनी आर. एस. अग्रवाल यांचे जाडजूड अंकगणित दिले होते. महाविद्यालयातल्या मैत्रिणीने अरुण शर्मा यांचे पुस्तक सुचवले, म्हणून ते घेतले. दुसरीने सर्वेश वर्मांचे सांगितले, म्हणून तेही आले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात एका दुपारी सात पुस्तके एकदम खरेदी झाली. त्यांत शब्दसंग्रहाचीच तीन होती. मराठी माध्यमातल्या मुलीला इंग्रजीची धास्ती असते आणि त्या धास्तीने तिच्या हाताला शब्दांची पुस्तके लावली होती. याशिवाय फोनमध्ये शेकडो पीडीएफ साठल्या होत्या, त्या वेगळ्याच. कोणी म्हणाले, ‘हे नाही केलेस तर काही खरे नाही,’ की ते पुस्तक घरात येई. पुस्तक घरात आले की दोन दिवस मनाला स्वस्थता वाटे. तिसऱ्या दिवशी कोणी तरी आणखी एखादे नाव सांगे.

पेन्सिलच्या खुणा मात्र खरे बोलत होत्या. गणिताच्या पाचही पुस्तकांत पहिली तीस-चाळीस पाने सोडवलेली होती आणि पुढची कोरी करकरीत होती. यांतली बहुतेक पुस्तके संख्याप्रणालीपासून सुरू होतात. त्यामुळे संख्याप्रणाली तिने पाच वेळा केली होती आणि भूमिती एकदाही नाही. गेल्या काही वर्षांत कॅटच्या गणितात भर असतो तो अंकगणितावर आणि बीजगणितावर: शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग, समीकरणे, असमानता. संख्याप्रणालीवर एखाद-दुसरा प्रश्न येतो. तिने जे पाच वेळा केले ते परीक्षेत जवळजवळ विचारलेच नव्हते. जे विचारले तिथवर ती पोहोचली नव्हती. आळशी म्हणावी तर रोज तीन-तीन तास ती बसलेली होती. तिचे श्रम प्रत्येक नव्या पुस्तकाच्या पहिल्या पानांवर पुन्हा पुन्हा खर्ची पडले होते.

जानेवारीत वडील तिला घेऊन पुण्याला गेले. एका मोठ्या शिकवणी वर्गाची कोणीतरी शिफारस केली होती. तिथल्या समुपदेशकाने टेबलावर रंगीत पुस्तिकांचा ढीग मांडला. चाळीस पुस्तिका, शंभरावर चाचण्या, हजारो प्रश्न, रोजची चित्रफीत. शुल्क साठ हजारांच्या वर. आज नोंदणी केली तर सवलत, उद्याचे सांगता येणार नाही. मुलीने विचारले, “एक प्रकरण आणि एक चाचणी आत्ता पाहता येईल का?” साहित्य नोंदणीनंतरच मिळते, असे उत्तर आले. वडिलांनी धनादेशाचे पुस्तक बाहेर काढले होते. ती म्हणाली, “बाबा, आज नको.”

परतीच्या एसटीत वडील साताऱ्यापर्यंत गप्प होते. मग त्यांनी हळूच विचारले, “पैशाकडे बघून नको म्हणालीस का? तसं असेल तर ठेव मोडता येईल.”

“थोडं तेही आहे, बाबा. पण घरात तेवीस पुस्तकं पडून आहेत. त्यांत चाळीस घातली तर मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करीन.”

वडील खिडकीबाहेर पाहत राहिले. मुलीसाठी काही खर्चच केला नाही आणि ती पुन्हा मागे राहिली, तर दोष आपल्याकडे येईल, ही भीती त्यांच्या मनात होती. आईवडिलांच्या या भीतीवर कितीतरी महागडी पुस्तके विकली जातात. ती चुकीच्या मायेतून येत नाही. पोटच्या पोरासाठी आपण काही कमी पडू दिले नाही, याची पावती त्यांना हवी असते, आणि दुकानदाराची पावती सर्वांत लवकर मिळते.

रात्री आजोबांनी सगळी हकीकत ऐकली. ते इतकेच म्हणाले, “नमुना दाखवत नाही त्याच्या मालावर आपण कधी बोली लावली आहे का? हळद वरून सगळी पिवळीच असते. हळकुंड मोडून बघायचं असतं.”

पुढचा महिनाभर तिने तेच केले. सुरुवात पुस्तकांपासून केली नाही. आधी स्वतःचाच नमुना काढला. मागील वर्षाची खरी प्रश्नपत्रिका घेतली, घड्याळ समोर ठेवले आणि दार लावून १२० मिनिटे बसली. कॅटमध्ये तीन विभाग असतात: भाषा आणि उताऱ्यांचे आकलन, माहितीचे विश्लेषण आणि तर्क, व गणित. प्रत्येकाला ४० मिनिटे मिळतात. एका विभागातून दुसऱ्यात मनाप्रमाणे जाता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण. पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण वजा. ज्यांचे उत्तर स्वतः टंकून लिहायचे असते त्या प्रश्नांना वजा गुण नाहीत. हे नियम तिला पाठ होते, पण त्यांच्या उजेडात स्वतःकडे तिने कधी पाहिले नव्हते.

पेपर संपल्यावर तिने पेढीतली एक लांब वही घेतली आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखले. जे मुळातच येत नव्हते ते पहिल्या रकान्यात, येत असून चुकले ते दुसऱ्यात आणि वेळ न मिळाल्याने राहिले ते तिसऱ्यात. तीन प्रश्नपत्रिका अशा तपासल्यावर वहीने जे सांगितले ते तिला अनपेक्षित होते. भाषेच्या विभागात एखादा शब्द अडला म्हणून चुकलेले प्रश्न तीन पेपरांत मिळून दोनच होते. या विभागातल्या २४ प्रश्नांपैकी १६ उताऱ्यांवर असतात आणि तिथे लेखकाचे म्हणणे नेमके काय हे न उमगल्याने ती चुकत होती. सुट्या शब्दांचे अर्थ कॅटमध्ये आता विचारतच नाहीत. गणितात पहिला रकाना भूमितीने आणि लॉगरिदमने भरला होता, तर दुसरा साध्या शेकडेवारीने. तर्काच्या विभागात बहुतेक सगळे तिसऱ्या रकान्यात. पहिलाच अवघड संच धरून ती वीस मिनिटे झुंजत राही आणि सोपे संच तसेच राहत.

आता निवड करता येत होती, कारण काय हवे ते कळले होते. औषध आणण्याआधी दुखणे कळावे लागते. तिने आधी दुकान पाहिले होते आणि मग दुखणे शोधले होते.

गणितासाठी तिने प्रथम नववी-दहावीची शालेय पुस्तके काढली. पदवीधर मुलीने शाळेचे पुस्तक हाती घेतलेले पाहून धाकटा भाऊ हसला. पण वर्तुळ आणि त्रिकोण यांची प्रमेये जितक्या सावकाश तिथे सांगितली होती तितकी कुठल्याही जाड पुस्तकात नव्हती. त्यानंतर पाच जाड पुस्तकांपैकी एकच ठेवायचे होते. ते निवडताना तिने प्रत्येकातले पहिले प्रकरण सोडून मधले एक उघडले, दहा उदाहरणे सोडवली आणि मग त्यांची स्पष्टीकरणे वाचली. स्पष्टीकरणात केवळ आकडेमोड आहे, की ही वाट का धरली तेही कळते? उदाहरणे सोप्याकडून अवघडाकडे चढत जातात का? आवृत्ती आजच्या परीक्षेला धरून आहे का? या कसोटीला अरुण शर्मांचे पुस्तक उतरले, कारण त्यातील सरावाचे प्रश्न काठिण्याच्या तीन पातळ्यांत विभागलेले आहेत. तिने पहिल्या दोन पातळ्या घेतल्या आणि तिसरी सोडली. दुसऱ्या कोणाला वेगळे पुस्तक उतरले असते. कसोटी मात्र हीच राहिली असती.

तर्काच्या विभागासाठी तिने पुस्तकच ठेवले नाही. मागील सात वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतले संच तिने एकामागून एक सोडवले. प्रत्येक संच दोनदा, महिनाभराच्या अंतराने. परीक्षा घेणाऱ्यांनीच काढलेल्या प्रश्नांसारखा दुसरा नमुना नाही. परीक्षेआधी अधिकृत संकेतस्थळावर सरावासाठी एक मॉक चाचणीही विनामूल्य ठेवली जाते, जिथे पडद्यावरचा गणकयंत्राचा चौकोनसुद्धा खऱ्या परीक्षेसारखाच असतो. पहिल्या वर्षी इतक्या पुस्तकांच्या गर्दीत ती चाचणी उघडायची राहून गेली होती.

भाषेसाठी शब्दसंग्रहाची तिन्ही पुस्तके बाजूला झाली. त्याऐवजी रोज पाऊण तास एक दीर्घ इंग्रजी निबंध वाचायचा. आज इतिहास, उद्या जीवशास्त्र, परवा कला किंवा तत्त्वज्ञान. वाचून झाल्यावर लेखकाचे म्हणणे मराठीत तीन ओळींत वहीत लिहायचे. पहिल्या महिन्यात तीन ओळी लिहायला तिला अर्धा तास लागे. जूनपर्यंत तो दहा मिनिटांवर आला. ज्या मराठीला ती आपला कमकुवतपणा समजत होती तीच तिची मोजपट्टी झाली. मराठीत नेमके मांडता आले नाही, की इंग्रजीतले समजलेच नव्हते हे लगेच उघड होई.

शेवटी चाचण्यांची एकच मालिका विकत घेतली, तीही आधी दोन विनामूल्य चाचण्या देऊन आणि त्यांची स्पष्टीकरणे तपासून. दोन तासांची चाचणी आणि चार तासांची तपासणी, असा तिचा रविवार ठरला. चाचणीचे गुण घरात कोणी विचारायचे नाहीत, हेही ठरले. आईने तो नियम पाळला. वडिलांना जड गेले, पण त्यांनीही पाळला.

ऑगस्टमध्ये तिचा धीर सुटला. सलग तीन चाचण्यांत गुण घसरले. त्याच सुमारास एका मैत्रिणीने नवा अभ्यासक्रम घेतल्याचे सांगितले. कार्यालयाच्या कामासाठी पुण्याला गेली असता तिची पावले पुन्हा अप्पा बळवंत चौकाकडे वळली आणि ती दोन पुस्तके घेऊन आली. रात्री पिशवीतून ती काढताना आजोबांनी पाहिले, पण ते काही बोलले नाहीत. तिने वही उघडली आणि घसरलेल्या तिन्ही चाचण्यांचे रकाने पाहिले. चुका जवळजवळ सगळ्या दुसऱ्या रकान्यात होत्या: येत होते, घाईत चुकले होते. या रकान्यावर कोणतेच नवे पुस्तक उपाय करू शकत नव्हते. ती दोन पुस्तके कपाटात गेली नाहीत. भावाच्या एका मित्राला ती निम्म्या किमतीत दिली आणि तोटा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला. व्यापाऱ्याच्या घरात तोटाही लिहितात.

२४ नोव्हेंबर २०२४ रोजी ती कोल्हापूरच्या केंद्रावर बसली. ६८ प्रश्न होते. त्या वर्षी देशभरातून सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवारांनी परीक्षा दिली. तर्काच्या विभागात पाच संच होते. पहिली पाच मिनिटे तिने काहीही न सोडवता केवळ पाचही संच वाचण्यात घालवली आणि दोन सरळ सोडून दिले. या परीक्षेत अलीकडच्या वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्यांहून कमी गुण मिळवणारेही ९९ पर्सेंटाइलपर्यंत पोहोचतात. म्हणजे काय सोडायचे हे ज्याला कळते, त्याच्या हाती बरेच काही लागते. अठरा-वीस पुस्तके बाजूला सारताना जो सराव झाला होता, तोच त्या चाळीस मिनिटांत तिच्या कामी आला.

निकाल ९२ पर्सेंटाइल लागला. अहमदाबाद, कोलकाता ही नावे त्या आकड्याने जवळ आली नाहीत आणि तिला त्याचे थोडे वाईटही वाटले. पण पहिल्या वर्षी निकालानंतर खचून तिने राज्याच्या सीईटीचा अर्जच भरला नव्हता. ती चूक तिने या वेळी केली नाही. महाराष्ट्राच्या या एमबीए सीईटीची जात वेगळी आहे: १५० मिनिटांत २०० प्रश्न, चुकीच्या उत्तराला वजा गुण नाहीत, तर्कावर ७५ प्रश्न आणि आकृत्यांवर आणखी २५. इथे सोडून चालत नाही, वेगाने सर्वत्र पोहोचावे लागते. कॅटची साधने इथे जशीच्या तशी उपयोगी पडणार नाहीत हे ओळखून तिने डिसेंबरपासून आकृत्यांचे एक छोटे पुस्तक आणि वेळ लावून सराव एवढेच घेतले. एप्रिल २०२५ मध्ये ती परीक्षा झाली आणि मुंबईतल्या एका जुन्या संस्थेत तिला प्रवेश मिळाला. तिथले शुल्क ऐकून वडिलांनी ठेवीची पावती पुन्हा तिजोरीत ठेवली.

मुंबईला निघण्याच्या आदल्या दिवशी तिने कपाटाचा तो खण रिकामा केला. वापरलेली चार पुस्तके एका बाजूला ठेवली, बाकीची वाचनालयात देण्यासाठी बांधली. तेवढ्यात बारावी झालेली आत्याची मुलगी आली. तिलाही पुढे हीच वाट धरायची आहे.

“ताई, मी कोणतं पुस्तक घेऊ?”

ताईने पुस्तकांच्या गठ्ठ्याकडे हात नेला आणि पुन्हा मागे घेतला. मग तिने एक जुनी प्रश्नपत्रिका आणि पेढीतली एक कोरी लांब वही तिच्यापुढे ठेवली.

“आधी ही सोडव. घड्याळ लावून. मग या वहीत तीन रकाने आख. पुस्तकाचं आपण दोघी त्यानंतर बघू.”

आत्याची मुलगी थोडी हिरमुसली. तिला एखादे नाव हवे होते. गादीवर टेकलेल्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केले, नातीकडे पाहिले आणि पुन्हा वाचायला घेतले.